मदत हवी आहे: शेल्टरमधली गावठी कुत्री की ब्रीडरकडचं लॅबचं (लॅब्रॅडॉरचं) पिल्लू?

नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट नाही. घरात मी, नवरा, सातवीतली लेक आणि सासूबाई (वय 74). कुत्रा आणायचा हे नक्की झालंय. सासूबाईंचीही ना नाही, त्यांच्या माहेरच्या वाड्यात कुत्री असायचीच. घोडं अडलंय ते कुठून आणायचा यावर.

लेकीला आणि तिच्या बाबाला लॅब हवाय. ओळखीतून एका ब्रीडरचा नंबर मिळाला, मी फोनवर बोलले. पिल्लू पाच आठवड्यांचं आहे म्हणाला, "लवकर न्या, लळा पटकन लागतो." पिल्लाची आई बघायला येऊ का विचारलं, तर जागा लांब आहे, पिल्लू हायवेवर आणून देतो. लसीच्या कार्डाचा फोटो पाठवला, त्यात पेनाने एक तारीख लिहिली आहे. लसीच्या बाटलीचं स्टिकर नाही, डॉक्टरांचा सही-शिक्का नाही. किंमत 18 हजार, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर हवे असतील तर वर सात. पेपर एक तर असतात किंवा नसतात, जास्तीचे पैसे दिल्यावर ते कुठून येतात हे मला समजलं नाही. माझं मन तिथेच उडालं.

मग मी एका शेल्टरमध्ये जाऊन आले. तिथे तीन-चार वर्षांची एक गावठी कुत्री आहे. तपकिरी रंग, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, त्याची खूण म्हणून कानाला खाच. मी जाळीपाशी बसले तर इतर कुत्री भुंकत अंगावर झेपावत होती, ही आली, माझ्या चपलेचा वास घेतला आणि शेजारी बसून राहिली. तिला वर्षभरापूर्वी डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) झाला होता. त्यातून वाचली, पण मागचा उजवा पाय सतत उडतो. आपली पापणी फडफडते तसा, एका लयीत, झोपेतसुद्धा. शेल्टरवाले म्हणाले, बघायला येणारे पाय बघतात आणि पुढच्या पिंजऱ्याकडे जातात.

मला तिलाच आणायचं आहे. पण घरच्यांचे प्रश्न खोटे नाहीत. पायाचं दुखणं वाढत जाईल का? आजार घरात पसरेल का? दुपारी सासूबाई एकट्या असतात, मोठी कुत्री त्यांना झेपेल का, की लहानपणापासून वाढवलेलं पिल्लूच बरं? त्यात सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात की "जातिवंत कुत्रा चालेल, गावठी नको." अनुभवी लोकांनी सांगा. "खरेदी करणारे सगळे वाईट" असा सूर मात्र नको, घरात तेवढ्यावरूनच बोलणं तुटतं.

प्रतिसाद १

डिस्टेंपरमधून वाचलेला कुत्रा माझ्याकडे बरीच वर्षं होता, म्हणून लिहितो. हा आजार माणसांना होत नाही. आजारातून उठल्यावरही काही आठवडे, क्वचित काही महिने, कुत्र्याच्या शरीरातून विषाणू बाहेर पडू शकतो. वर्ष उलटलंय, त्यामुळे ती काळजी सोडा. पाय उडणं बहुधा आयुष्यभर राहील. त्याने सहसा दुखत नाही, चालणं-खाणं नीट होतं. शेल्टरला एकच गोष्ट स्पष्ट विचारा: तिला कधी फिट आली आहे का? आली असेल तर औषध कायमचं असू शकतं आणि वेळा सांभाळाव्या लागतात. तेवढी तयारी आहे का ते घरात बोलून घ्या. शिवाय आणण्याआधी रक्त तपासून घ्या. आपल्याकडे गोचीड ताप फार, आणि वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही तो निघतो.

प्रतिसाद २

माझी लॅब ब्रीडरकडूनच घेतलेली आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण तुम्ही वर्णन केलंय तो ब्रीडर नव्हे, दलाल आहे. 2017 च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. म्हणजे पहिल्याच वाक्यात त्याने नियम मोडला! आठ आठवडे उगाच नाहीत. भावंडांशी खेळताना चावा किती जोरात लागतो हे पिल्लू त्याच काळात शिकतं. आम्ही आई पाहिली, ती राहते ती जागा पाहिली, आई-बाप दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे मागितले, कारण लॅबमध्ये खुब्याचं दुखणं पिढीजात येतं. केसीआयचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. जिथे आई दाखवत नाहीत तिथून घेऊ नका, पिल्लू कितीही गोड असो. दया येऊन एक पिल्लू सोडवलं की त्या आईला पुन्हा गाभण ठेवतात.

प्रतिसाद ३

सासूबाईंच्या मुद्द्यावर माझं मत अगदी उलट आहे. वयस्कर माणसासाठी पिल्लूच जास्त धोक्याचं. दिवसातून तीन-चारदा खाणं, जागोजागी सू, ओल्या फरशीवर पाय घसरणं, साडीचा काठ दातात धरून ओढणं. शिवाय मोठा झालेला लॅब 30 किलोच्या आसपास जातो. जिन्यात त्याने हिसका दिला तर 74 व्या वर्षी सावरता येत नाही. तीन-चार वर्षांच्या कुत्रीचा स्वभाव आज डोळ्यांसमोर आहे, पिल्लाचा स्वभाव पुढे कळतो. मात्र सासूबाईंना शेल्टरमध्ये घेऊन जा, त्यांच्याशी ती कशी वागते ते बघा, आणि जमलं तर आधी काही दिवस फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, आणा. दिवाळीच्या तोंडावर नको, फटाक्यांत नव्या घरातून कुत्री पळून जातात.

सोसायटीबद्दल: भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही. त्यात गावठी-जातिवंत असा भेद नाही. प्रत काढून सेक्रेटरींना द्या, सोबत लसीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना. भांडायची वेळ येणार नाही.

मूळ लेखिका

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवले. आई न दाखवणाऱ्याकडून घ्यायचं नाही, यावर नवरा लगेच तयार झाला. लेक अजून फुरंगटलेली आहे, पण रविवारी सासूबाईंसोबत शेल्टरला यायला तयार आहे. फिटचं विचारलं, आजवर आलेली नाही म्हणाले. रक्ततपासणी या आठवड्यात करतायत, खर्च आम्ही देतोय. फॉस्टरलाही त्यांची हरकत नाही.

आता एक उपप्रश्न. आमच्याकडे सगळीकडे गुळगुळीत टाइल्स आहेत. पाय उडणाऱ्या कुत्रीसाठी सतरंजी घसरते, तर रबरी मॅट टाकावी का? आणि जिना उतरताना गळपट्टा धरावा की हार्नेस? हार्नेस असेल तर पाठीवर धरायला पट्टी असलेला नाशिकमध्ये कुठे मिळतो?