‘आर्केनम’मधली जादू यंत्रांना भारी पडते, आणि ती तशीच राहू द्यावी

भोंगा (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात भाच्याच्या लॅपटॉपवर मोठ्या हौसेने ‘आर्केनम’ हा जुना संगणक गेम बसवून दिला. त्याने दोन तासांत तो बंद केला आणि म्हणाला, “मामा, मांत्रिक झालं की सगळं सोपं जातं, बंदूकवाला झालं की पावलोपावली मरावं लागतं. मग बंदूक ठेवलीच कशाला?” त्याचे निरीक्षण खोटे नाही. पण त्याने ज्याला दोष मानले, त्यातच या गेमचे सारे सांगणे आहे, असे माझे मत आहे, आणि त्यावर येथे खुशाल भांडावे म्हणून हा धागा काढतो आहे.

ज्यांच्या हाती हा गेम कधी लागला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ‘फॉलआउट’ हा गेम १९९७ साली पूर्ण करून इंटरप्ले कंपनीतून बाहेर पडलेल्या टिम केन, लेनर्ड बॉयार्स्की आणि जेसन अँडरसन या तिघांनी १९९८ मध्ये ट्रॉइका गेम्स ही कंपनी काढली. तिचा पहिला गेम म्हणजे ‘आर्केनम’. तो ऑगस्ट २००१ मध्ये सिएरा कंपनीने बाजारात आणला. एल्फ, ड्वार्फ आणि ऑर्क या परीकथेतल्या जमातींच्या नेहमीच्या काल्पनिक जगात वाफेचे इंजिन आले तर काय होईल, हा त्याचा मूळ प्रश्न. आगगाडी आली आहे, कारखाने आले आहेत, वर्तमानपत्रे छापली जात आहेत आणि जुने मांत्रिक आपल्या मनोऱ्यांत बसून हे सारे पाहत आहेत. त्या जगाचा नियम असा की, यंत्र निसर्गाच्या नियमांवर चालते आणि जादू तेच नियम वाकवते. त्यामुळे दोन्ही एकमेकांच्या जवळ आली की दोन्ही बिघडतात. आपले पात्र जे शिकत जाते, तसा एका मापकावरचा काटा जादूकडे किंवा तंत्रज्ञानाकडे झुकत जातो. काटा जादूकडे फार झुकला, तर टॅरंट शहरात आगगाडीचे तिकीट मिळत नाही. तो दुसरीकडे झुकला, तर जादूच्या वस्तू विकणारा दुकानदार आपल्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवतो.

मला हे काहीच ठाऊक नव्हते. २००३ च्या उन्हाळ्यात नागपुरात बर्डीच्या फूटपाथवरून घेतलेली ती सीडी नकली होती (त्या वयात अस्सल सीडी आम्ही फक्त काचेमागे पाहिल्या होत्या, तेव्हा प्रामाणिकपणाचा आव आणत नाही), आणि तिच्याबरोबर माहितीपुस्तिका येण्याचा प्रश्नच नव्हता. सीपीयूचे एका बाजूचे झाकण काढून त्याच्यासमोर कूलर लावलेला, भारनियमनाच्या वेळापत्रकावर एक डोळा आणि दर पाच मिनिटांनी सेव्ह करण्याची सवय, अशा थाटात मी खेळत होतो. पहिला सोबती भेटतो तो व्हर्जिल, आणि तो जखमा बऱ्या करण्याचा मंत्र जाणतो. मी माझे पात्र बंदुका आणि स्फोटके यांत वाढवत नेले, आणि एका लढाईत ते मरायला टेकले असताना व्हर्जिल मंत्रामागून मंत्र टाकत होता, पण जखम काही भरेना. मी ठाम समजलो की सीडी खराब निघाली. दुसऱ्या दिवशी बर्डीवर जाऊन विक्रेत्याशी वादही घातला. सीडी चांगली होती. माझा माणूस इतका यंत्रांचा झाला होता की जादू त्याच्या अंगाला लागतच नव्हती. त्यानंतर मी गिंका नावाचे मूळ आणि कदुरा नावाची दांडी शोधत हिंडू लागलो, कारण त्या दोन वनस्पतींचा मलम तंत्रज्ञालाही लागू पडतो.

इतका विचार केलेला तोटा मला नंतर फार थोड्या गेममध्ये दिसला. म्हणून माझे म्हणणे असे की, कोणी पुढे-मागे याची नवी आवृत्ती काढलीच, तर दोन्ही बाजू सारख्या करून ठेवू नयेत. मांत्रिक भारी आहे, आणि तो भारी असूनही त्याचे जग संपत चालले आहे, यातच तर सगळी गंमत आहे.

सावजी_रस्सा

धागाकर्त्याचा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण उत्तरपत्रिकेत गणित चुकल्यावर “मला तेच उत्तर लिहायचे होते” असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यासारखा तो आहे.

मी हा गेम तीन वेळा पूर्ण केला आहे, त्यामुळे मला आकस नाही हे आधी नोंदवतो. जादूच्या सोळा शाखा आणि प्रत्येकीत पाच मंत्र, म्हणजे एकूण ऐंशी मंत्र आहेत. त्यांपैकी मारक विद्येच्या शाखेतला अगदी पहिला, ‘हार्म’ हा एकच मंत्र घेतला तरी अर्धा गेम निघून जातो. त्याच वेळी तंत्रज्ञ टॅरंटच्या कचरापेट्या उपसून भंगार गोळा करत असतो. अनुभवाचे गुणही शत्रूला लागलेल्या प्रत्येक वारामागे मिळतात. म्हणजे जो स्वतः मारतो तो वाढतो आणि जो सोबत्यांना लढवून स्वतः वस्तू बनवत बसतो, तो मागे पडतो. यात कोणते तत्त्वज्ञान आहे? लढाई वास्तव वेळेत चालवा किंवा पाळीपाळीने, अशी दोन्ही सोय दिली आणि दोन्ही नीट जमल्या नाहीत. ब्लॅक माउंटनच्या खाणीत दगडी गोलेमवर (जादूने चालणाऱ्या पुतळ्यावर) वार केला की आपलीच तलवार झिजून मोडते, आणि ती खाण संपता संपत नाही. माझी दोन शस्त्रे तिथे गेली. त्या खाणीला उत्तम रचना म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

शिवाय धागाकर्त्याचा दावा गेमच्या कथेलाच अडचणीत आणतो. कथेत कंब्रियाची राजधानी डर्नहोम यंत्रांकडे पाठ फिरवून बसल्यामुळे ओसाड होत चालली आहे आणि टॅरंट वाफेवर भरभराटीला आले आहे. म्हणजे कथा सांगते की यंत्र जिंकले, आणि आकडे सांगतात की जादू जिंकते. लेखक आणि आकडे बसवणारे एकमेकांशी बोललेच नसावेत, असा याचा साधा अर्थ होतो. हाती कमी वेळ आणि डोक्यात फार मोठी कल्पना, असे ते प्रकरण आहे. कल्पनेला दाद द्यावी आणि दोषाला दोष म्हणावे.

गोधनी_पॅसेंजर

आपण दोघेही ॲशबरीच्या कुत्र्याला विसरलात. एक नोम (बुटक्या जमातीतला) त्याला लाथा मारत असतो, आपण त्याला सोडवतो आणि नंतर तो निरुपयोगी म्हणवला जाणारा कुत्रा सगळ्यांपेक्षा जास्त शत्रू लोळवतो. जादू नाही, यंत्र नाही, नुसते दात. समतोलाची चर्चा त्याच्यासमोर व्हायला हवी.

भोंगा (धागाकर्ता)

कुत्रा बिनशर्त मान्य.

सावजी_रस्सा, खाणीबद्दल मी वाद घालणार नाही, पण आपण स्वतःच एक गोष्ट सांगून गेलात. गोलेमवर तलवार मोडते, कारण ती त्याला भिडते. लांबून गोळी झाडणाऱ्याचे किंवा बाँब फेकणाऱ्याचे शस्त्र शाबूत राहते. म्हणजे ज्या जागी आपल्याला सर्वांत जास्त त्रास झाला, तिथे माझा दरिद्री तंत्रज्ञ सुखात होता; गोळ्यांचा खर्च मात्र जिवावर आला, हे कबूल करतो.

आता मुख्य मुद्दा. कथा आणि आकडे यांत विसंगती आहे, असे आपण म्हणता. मला ती तशी वाटत नाही. एक मांत्रिक एका बंदूकवाल्याला सहज लोळवतो, हे खरेच. पण त्याची विद्या त्याच्या एकट्याच्या अंगात असते आणि ती मिळवायला त्याचे आयुष्य जाते. बंदूक एकाने बनवली की ती दुसऱ्या कोणाच्याही हातात देता येते, आणि दुसऱ्या दिवशी कारखाना तशाच शंभर बनवतो. डर्नहोम पडत चालले ते तिथले मांत्रिक दुबळे होते म्हणून नव्हे. आपण गेममध्ये एकच माणूस चालवतो, म्हणून आपल्याला जादू जिंकताना दिसते. जग हजारो माणसांचे असते, म्हणून ते टॅरंटच्या बाजूला कलते. हे मुद्दाम केले की अपघाताने झाले, ते मी सांगू शकत नाही, पण खेळताना ते जाणवते.

टांडापेठ

मी सहसा वाचून पुढे जातो, पण भोंगा यांचा शेवटचा परिच्छेद वाचून थांबलो.

माझे आजोबा हातमागावर लुगडी विणत. नागपुरात रेल्वे १८६७ मध्ये पोचली आणि जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, हे आमच्या घरात शाळेच्या पुस्तकाआधी कळले होते, कारण घरातली प्रत्येक तक्रार अखेर तिथे जाऊन पोचत असे. आजोबांच्या लुगड्याचा पोत गिरणीच्या कापडाला कधी आला नाही, असे आजी शेवटपर्यंत म्हणायची, आणि मला ते खरे वाटते. एक कसबी विणकर एका गिरणी कामगारापेक्षा सरस असूनही बाजार गिरणीच्या बाजूला गेला. इथपर्यंत मी भोंगा यांच्याशी सहमत आहे, आणि ‘आर्केनम’ खेळताना डर्नहोमच्या रिकाम्या रस्त्यांवर मला आमच्या गल्लीतला बंद पडलेला माग आठवला होता.

पण “कोणाच्याही हातात देता येते” हे वाक्य मला खटकले. गेमच ते खोडून काढतो. टॅरंटचा सर्वांत मोठा उद्योगपती गिल्बर्ट बेट्स वाफेच्या इंजिनाचा जनक म्हणून मिरवतो; प्रत्यक्षात तरुणपणी त्याने ते ब्लॅक माउंटनच्या ड्वार्फ लोकांकडे पाहिले आणि त्यांची विद्या उचलून आपल्या नावावर केली. त्याच शहरात अर्ध-ऑर्क राबतात आणि बॉइल नावाच्या गलिच्छ वस्तीत राहतात. यंत्र सगळ्यांच्या हातात गेले, पण कारखाना सगळ्यांचा झाला नाही. आणि जादूवाले तरी कुठे निराळे आहेत? स्कायलर अँड सन्स या प्रतिष्ठित दागिन्यांच्या दुकानाच्या तळघरात मेलेल्या माणसांना उठवून त्यांच्याकडून काम करून घेतले जाते. ना पगार, ना सुट्टी. ते तळघर मी रात्री एक वाजता पाहिले आणि संगणक बंद करून झोपलो. जो गेम जादू आणि यंत्र दोघांचाही मालक इतक्या स्पष्टपणे दाखवतो, त्यावर चर्चा करताना आपण फक्त कोण कोणाला मारतो हे मोजत बसलो आहोत, याचे आश्चर्य वाटते.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे, आणि ती दोघांनाही उद्देशून आहे. गेम म्हणतो की जादू आणि यंत्र एकत्र नांदत नाहीत. दोन्ही थोडे थोडे शिकलात, तर काटा शून्यावर येतो आणि आपण कुठल्याच कामाचे उरत नाही. आमच्या घरी तसे नव्हते. माग हाताचा होता आणि त्यावर चढणारे सूत गिरणीचे होते. आजोबा गिरणीला शिव्या देत आणि गिरणीच्या सुताशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. विणकर ज्या मधल्या जागेत जगले, ती मधली जागाच या गेमने शिक्षा देऊन बंद केली आहे. समतोल हवा असेल, तर मला तो तिथे हवा आहे.

सावजी_रस्सा

टांडापेठ, आपला मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा चांगला आहे, हे मान्य करून टाकतो. मी मधल्या काट्यावर एकदा खेळून पाहिले होते. सहाव्या-सातव्या तासाला सोडून दिले आणि दोष स्वतःला दिला.

तरीही भोंगा यांना माझे एक सांगणे आहे. जे जगाला लागू पडते, ते गेमला तसेच लागू पडेल असे नाही. हजारो माणसांचे जग टॅरंटकडे कलते हे पटले, पण मी त्या हजारांतला एक म्हणून बसलेलो नसतो, एकटा खेळत असतो. मला चाळीस तास रटाळ लढाया लढायला लावून “बघा, इतिहास असाच असतो” असे म्हणण्याचा हक्क कोणत्याही गेमला नाही. संवादांत मात्र याला तोड नाही. बुद्धीचे गुण कमी ठेवले, तर आपले पात्र तुटक, बावळट बोलते आणि समोरचेही त्याच्याशी तसेच वागतात. शेवटच्या केरगनलासुद्धा, जगणे म्हणजेच यातना असे मानून सगळ्यांना मारायला निघालेल्या त्या मांत्रिकालासुद्धा, नुसते बोलून परतवता येते. बेन हाउग यांनी चार तंतुवाद्यांवर बांधलेले संगीत अजून कानात आहे. हे सगळे ठेवावे आणि लढाई सुधारावी, इतकीच माझी मागणी आहे. ट्रॉइकाने एकूण तीनच गेम केले आणि २००५ मध्ये कंपनी बंद झाली. त्यांना सुधारायला वेळ मिळाला नाही, म्हणून न सुधारलेलेच पवित्र मानावे, हे मला पटत नाही.

भोंगा (धागाकर्ता)

टांडापेठ, गिरणीच्या सुताचा मुद्दा मी आजवर कुठेही ऐकला नव्हता. काट्याच्या मध्यभागी काहीतरी वेगळे, फक्त तिथेच साधणारे असायला हवे होते, हे मान्य. “कोणाच्याही हातात” हे शब्दही मागे घेतो. विकत घेणाऱ्या कोणाच्याही हातात, असे वाचावे.

सावजी_रस्सा, लढाईचा वेग आणि अनुभवाच्या गुणांची पद्धत खुशाल बदला, मी आड येणार नाही. पण व्हर्जिलचा मंत्र माझ्या माणसाला लागू पडू लागला, तर ती आवृत्ती मी घेणार नाही. आपण तीनदा पूर्ण केला म्हणता. त्यात बंदूकवाला किती वेळा होता?

सावजी_रस्सा

एकदाही नाही. तिन्ही वेळा ‘हार्म’. येत्या मे महिन्यात बंदूकवाला घेऊन ब्लॅक माउंटनमध्ये उतरतो आणि इथेच कळवतो.

गोधनी_पॅसेंजर

कुत्रा न घेता. नाहीतर ते मोजले जाणार नाही.