मदत हवी आहे: पाणी असलेल्या टेरेरियमची (काचेच्या टाकीतल्या बागेची) मागची भिंत घरी करायची आहे

काचेतलं_रान
टाकी ६०×४५ सेंमी, उंची ६०. तळाशी १८ सेंमी पाणी, वर झाडं. बेत असा: मागच्या काचेला थर्माकोल, त्यावर पीयू फोम (डब्यातून फवारला की फुगून कडक होणारा), मग कोरून सिमेंटचा हात. कोपऱ्यात पंप लपवून भिंतीवरून पाणी झिरपतं ठेवायचं. पाण्यात चेरी कोळंबी सोडणार. फोम काचेला धरून राहील का? सिमेंट बरं की सिलिकॉनवर (काच चिकटवायचा लगदा) कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा? आणि पंप बंद पडला तर काढायचा कसा?

शेवाळ्या
आधी पाण्याखालच्या भागाचा हिशोब करा. ५८ सेंमी रुंद, १८ उंच, सरासरी ६ जाड म्हणजे सव्वासहा लिटर फोम. तो जवळजवळ ६ किलोच्या जोराने वर उचलणार. पीयू फोम काचेला आज घट्ट वाटतो, पण गुळगुळीत काच आणि कायमचं पाणी म्हटल्यावर काही महिन्यांत कडेने सुटतो. एकदा मागे पाणी शिरलं की अख्खी भिंत तरंगते.

म्हणून काच स्पिरिटने पुसून कोरडी करा आणि थर्माकोल सिलिकॉननेच चिकटवा. चार ठिपके देऊन भागणार नाही. पूर्ण पाठीवर रेघा ओढा आणि चारही कडा बंद करा. सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं घ्या. बाथरूमसाठीचं, बुरशीरोधक लिहिलेलं नको, त्यातलं औषध कोळंबीला मारतं. चपलेचं पिवळं सोल्यूशन किंवा स्प्रे पेंट थर्माकोलला लावलात तर तो विरघळेल. दाणे नसलेली निळी किंवा गुलाबी इन्सुलेशन शीट मिळाली तर उत्तम, कोरताना घरभर गोळ्या उडत नाहीत.

फोमचा थर एका वेळी ३ सेंमीच्या वर नको. तो हवेतल्या दमटपणावर वाळतो, जाड थर आत चिकटच राहतो. दोन थरांमध्ये पाण्याचा हलका फवारा मारा.

जांभा
सिमेंटच्या वजनाने भिंत खाली बसेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ५ मिमी थराचं पाण्याखालचं वजन जेमतेम पाऊण-एक किलो भरतं, उचल ६ किलोची आहे.

माझं मत: पाण्याखाली सिमेंट, वर कोकोपीट. पाण्याखालचं कोकोपीट सुटत राहतं आणि पाणी चहासारखं करतं. सिमेंटसाठी फोम तारेच्या ब्रशने खरवडा. पहिला हात नुसत्या पातळ सिमेंटचा, पुढचे दोन एक भाग सिमेंट, दोन भाग चाळलेली वाळू. प्रत्येक हाताला २४ तास, तेही ओलं ठेवून, नाहीतर तडे. रंगाला रेड ऑक्साईड चिमूटभर पुरतो. मग टाकी भरून दर तीन दिवसांनी पाणी बदला, दोन-तीन आठवडे. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पीएच ९ च्या पुढे जातो. बदललेल्या पाण्याचा पीएच तीन दिवसांनंतरही नळाच्या पाण्याइतकाच राहिला, की मगच कोळंबी.

शेवाळ्या
कोकोपीट आधी धुवा, त्यात मीठ असतं. मग उन्हात कडकडीत वाळवा. ओलसर भुसा सिलिकॉन धरत नाही, हा भाग बहुतेकांचा इथेच फसतो. टाकी आडवी करा. एका वेळी २०×२० सेंमी भागावर २ मिमी सिलिकॉन पसरा, कारण ५-१० मिनिटांत साय धरते. वरून कोकोपीटचा ढीग टाकून तळहाताने दाबा. २४ तासांनी झटका, टक्कल दिसेल तिथे पुन्हा. खाचाखोचा धरून वरच्या भागाला २८० मिलिच्या तीन नळ्या लागतील, चिकटवायला एक वेगळी. व्हिनेगरचा वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, झाडं लावू नका.

काचेतलं_रान
पंपाचं राहिलं. आणि पाणी सगळ्या भिंतीवर पसरेल ना?

जांभा
आपोआप नाही पसरणार. पाणी एकच वाट धरतं, बाकी भिंत कोरडी. वरच्या कडेला आडवी नळी ठेवून ३ सेंमीवर २ मिमीची भोकं पाडा. नळीचं दुसरं टोक बंद करा. खाली फोममध्ये आडव्या खाचा कोरा, त्यात जावा मॉस हे शेवाळ धरेल. अनुबियास या पाणवनस्पतीचं आडवं खोड मात्र पुरू नका, कुजतं. कुंड्यांचे खळगे केलेत तर तळाला भोक हवंच.

पंपासाठी कोपऱ्यात ११० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा चिकटवा आणि त्याच्याभोवती फोम भरा. वरचं तोंड मोकळं, त्यावर फोमचंच सुटं झाकण. पाइपाला पाण्याखाली, पण तळाच्या मातीच्या वर भोकं पाडून बाहेरून स्पंज लावा. स्पंज तुंबला की पाइपातली पातळी उतरते आणि पंप कोरडा फिरून जळतो. गुरगुर ऐकू आली तर आधी स्पंज पिळा. ताशी ४०० लिटरचा घ्या. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, ४० सेंमी चढवल्यावर बरंच कमी पडतं. वायरला सॉकेटच्या खाली झोल ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच टपकेल.