सोयाबीनवर पांढऱ्या, ताठ होऊन मेलेल्या अळ्या. बुरशीनाशक मारू का?

औसेकर
नमस्कार मंडळी. तालुका औसा, जिल्हा लातूर. सोयाबीन फुले संगम, पेरणी जूनअखेरची, आता शेंगा धरायला लागल्यात. मागचा आठवडा नुसती झड होती, रानात पाय घालता येईना. आज उघडीप मिळाली म्हणून आत शिरलो तर वरच्या पानांवर अळ्या मरून चिकटलेल्या. पांढऱ्याफटक, ताठ. काहींवर फिकट हिरवी भुकटी, हात लावला की बोटाला लागते. मी अळीचं औषध अजून मारलेलंच नाही. काही अळ्या मात्र जिवंत आहेत आणि पानं खातायत.

दुकानदार म्हणतो, बुरशी आली, शेंगांवर उतरेल. टेब्युकोनॅझोल-सल्फर घ्या आणि त्यातच अळीचं औषध मिसळून मारा. आई म्हणते मेलेल्या अळ्या वेचून जाळ. काय करू?

निवृत्त कृषी सहायक, परभणी
औसेकर, पंप खाली ठेवा. आणि आईंना सांगा, जाळू नका.

ही बुरशी सोयाबीनची नाही, अळीची आहे. नोमुरिया रिलाई. शास्त्रज्ञांनी तिला आता मेटारायझियम नावाच्या बुरश्यांच्या घरात नेऊन बसवलंय, पण हीच बुरशी पुडीत विकत मिळते, तिच्यावर जुनंच नाव सापडेल. पानाला, शेंगेला ती काही करत नाही. तंबाखूची पानं खाणारी अळी (स्पोडोप्टेरा), उंटअळी, घाटेअळी हेच तिचं गिऱ्हाईक.

अळीनं ती खावी लागत नाही. बीजाणू कातडीला चिकटतो, ओल मिळाली की रुजतो आणि कातडी भेदून आत उतरतो. आत बुरशी रक्तात वाढत जाते, अळीचं खाणं मंदावतं आणि साधारण आठवड्याभरात ती मरते. लहान अळी लवकर, थोराड अळी उशिरा. मग बुरशी बाहेर येते, आधी पांढरी. हवा दमट राहिली की तिच्यावर हिरवट बीजाणू धरतात. तुमच्या बोटाला लागलं ते पुढच्या लागणीचं बियाणं. वारा आणि पावसाचे शिंतोडे ते शेजारच्या झाडांवर नेतात. आभाळ, झड, दाटलेलं पीक, ऑगस्ट-सप्टेंबर: तिला याहून जास्त काही लागत नाही.

खात्री करायची असेल तर नुकतीच मेलेली, अजून पांढरी न पडलेली अळी ओल्या कापसावर डबीत ठेवा. बुरशीनं मेली असेल तर दोन-तीन दिवसांत पांढरी होईल. विषाणूनं मेलेली अळी वेगळी दिसते. ती मागच्या पायांवर उलटी लोंबते, मऊ पडते आणि कातडी फुटून पाणी गळतं. तीही राहू द्या, तीही आपल्याच बाजूची.

आता दुकानदाराचं. बुरशीनाशकाला आपली बुरशी आणि परकी बुरशी कळत नाही. ब्राझीलमध्ये २००१ साली सोयाबीनवर तांबेरा आला आणि बुरशीनाशकाच्या फवारण्या वाढल्या. त्यानंतर तिथे उंटअळीच्याच जातीची एक अळी डोईजड झाली. अळी मारणाऱ्या बुरशा या फवारण्यांत गेल्या, हे त्यामागचं एक कारण तिथले अभ्यासक सांगतात. तुमच्या शेंगांवर करपा खरंच दिसत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मारावंच लागेल. दिसत नसताना ‘असू द्या सोबत’ म्हणून मारायचं हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे. दोन बाटल्या एकदम खपतात, दुसरं काय.

पण बुरशी आली म्हणून निश्चिंतही होऊ नका. ती बहुतेकदा उशिरा येते, पानांची चाळणी झाल्यावर. २००८ साली विदर्भात अळीनं सोयाबीनचं काय केलं ते आठवत असेल. त्यातूनच पुढे क्रॉपसॅप, म्हणजे पिकावरच्या किडी मोजून सल्ला देण्याची सरकारी योजना, सुरू झाली आणि माझ्या नोकरीची शेवटची वर्षं ती निरीक्षणं घेण्यात गेली. तीच पद्धत वापरा. दोन ओळींमध्ये कापड अंथरा, मीटरभर ओळीची झाडं त्यावर झटका, जिवंत अळ्या मोजा. रानात पाच-सहा ठिकाणी. सरासरी मीटरला तीनच्या आत असेल तर थांबा, दोन दिवसांनी परत मोजा. वर गेली आणि ऊन तापायला लागलं तर फक्त अळीचं औषध मारा, बुरशीनाशक त्यात नको.

तुतीवाला, जालना
साहेबांचं सगळं बरोबर, एक भर घालतो. जवळपास कुणाचं रेशीम शेड आहे का बघा. हीच हिरवी बुरशी रेशीम अळीलाही लागते. त्या रोगाला आम्ही मस्कार्डिन म्हणतो, पावसाळ्यात आणि थंडीत तिच्या भीतीनं शेडमध्ये चुना टाकत असतो. पांढरी मस्कार्डिन होते ती बिव्हेरिया या दुसऱ्या बुरशीमुळे. इटलीच्या अगोस्तिनो बास्सीनं १८३५ मध्ये दाखवून दिलं होतं की रेशमाचा रोग या बुरशीमुळे होतो. आज तीच किडींसाठी पुडीत विकली जाते! तेव्हा सोयाबीनमध्ये फिरलेल्या कपड्यांनी शेडमध्ये जाऊ नका. आणि तुतीच्या शेजारी पुडीतली बुरशी फवारू तर अजिबात नका.

औसेकर
शेड नाही जवळ. संध्याकाळी कापड घेऊन मोजलं, सरासरी दोनच्या आसपास आली. दुकानदाराला नको म्हणून सांगितलं, तो हसला. आता एक विचारतो, वाटेवरच्या तुकड्यात उशिरा पेरलेलं सोयाबीन आहे, तिथं मेलेली एकही अळी दिसत नाही. तिथं विकतची नोमुरिया मारू का? की या मेलेल्या अळ्याच पाण्यात कुस्करून मारू?

निवृत्त कृषी सहायक, परभणी
कुस्करू नका. त्यात आणखी काय काय असेल ते माहीत नाही, नोझल तुंबेल ते वेगळंच. पुडी कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून मिळाली तर उत्तम. उत्पादनाची तारीख बघा, उन्हात मांडून ठेवलेली पुडी घेऊ नका, कारण आतले बीजाणू जिवंत असले तरच उपयोग. प्रमाण पुडीवर लिहिलेलं पाळा. मक्याच्या लष्करी अळीला तांदळावर वाढवलेली नोमुरिया पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या पानांत) लिटरला ३ ग्रॅम सांगतात. अळ्या बारीक असतानाच, दिवस कलल्यावर, जमिनीत ओल असताना मारा; ऊन बीजाणू टिकू देत नाही. पंप बुरशीनाशकाचा असेल तर आधी नीट धुवा. तोंडाला रुमाल बांधा. आणि त्या तुकड्यात चक्रीभुंगा किंवा खोडमाशी (खोड आतून पोखरणाऱ्या किडी) असेल तर या पुडीचा उपयोग नाही, त्यांच्या वाट्याला ही बुरशी जात नाही. पाती सुकून लोंबलेली दिसतायत का तिथं?