पंचवटीचा पास आणि ४४एडीए
कोणीतरी लिहिलंय की नाशिक-मुंबई पंचवटी एक्सप्रेसचा महिन्याचा रेल्वे पास बिनधास्त धंद्याच्या खर्चात टाका, तिकीट असलं की झालं. अर्धंच बरोबर आहे ते. घरीच ऑफिस असेल आणि मुंबईला क्लायंटकडे जात असाल तर खर्च धरता येतो, पण मुंबईत गाळा घेऊन रोज तिथेच बसत असाल तर ते घर ते ऑफिस झालं, म्हणजे खाजगी. आणि मुख्य मुद्दा राहिलाच, तुम्ही रिटर्न कशात भरता? ४४एडीएमध्ये, म्हणजे ठराविक व्यावसायिकांसाठीच्या आयकराच्या सोप्या पद्धतीत, निम्मी कमाई नफा धरली की उरलेल्या निम्म्यात सगळा खर्च आलाच, रेल्वे, रिक्षा, चहासकट, वेगळा पास वजा होत नाही. मी इंटिरियरवाला, पहिल्या वर्षी नाशिकरोडच्या काउंटरचे बारा पास रबरबँड लावून सीएकडे घेऊन गेलो, त्याने बघितलेसुद्धा नाहीत, परत दिले!

हां, हिशोबाची पुस्तकं ठेवून खरा खर्च दाखवणार असाल तर पास लागेलच. फक्त त्याचा लगेच मोबाईलवर फोटो काढा, पाकिटात घासून माझ्या दोन पासवरची तारीखच गेलेली. आणि कुठल्या दिवशी कोणाच्या साइटवर गेलो ते डायरीत लिहा, नुसत्या पासवरून काम होतं की मावशीकडे गेलो होतो ते कळत नाही.