‘पंच’ हे पेय आपल्या ‘पाच’वरून आलं का?

बारदेसकर: माझ्या मते हो. दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. मोजा, पाचच भरतात. जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात स्वच्छ लिहिलंय की, गोव्याच्या अरकापासून (गाळलेल्या दारूपासून) या किनाऱ्यावरचे इंग्रज ‘पॉन्च’ बनवतात आणि हिंदुस्थानीत त्याचा अर्थ पाच. (ठोसा आणि भोक पाडायचा पंच वेगळ्या कुळातले, मूळ लॅटिन ‘टोचणे’. त्यांची सरमिसळ नको.)

अक्षरवेध: फ्रायर त्या काळचा साक्षीदार खरा, पण पेय कसं बनतं याचा. नाव कसं पडलं हा त्याचा तर्क. तो वैद्य, त्याच वाक्यात पुढे पाच घटकांच्या औषधाला ‘डायापेंटे’ आणि चारांच्या औषधाला ‘डायाटेसरॉन’ म्हणतात, असा दाखला देतो. आणि घटकांची संख्या तरी कुठे जुळते? मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ साली सुरतेला आला. त्याच्या ‘पालेपुंत्झ’मध्ये दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. फ्रेंच प्रवासी बर्नियेच्या ‘बूलपाँज’मध्ये अरक, लिंबाचा रस, पाणी, वरून किसलेलं जायफळ. दोन्हीकडे चारच!

उच्चाराचं दुखणं त्याहून मोठं. ‘पंच’ हा शब्द १६३२च्या एका पत्रात सापडतो. तेव्हा इंग्रजीतला ऱ्हस्व ‘यू’ आपल्या ‘पुल’मधल्या ‘उ’सारखा होता, ‘अ’कडे तो त्यानंतर सरकला. ‘पाच’ ऐकून त्या काळी कोणी ‘पुन्च’ का लिहील? त्यापेक्षा ‘पंचन’ म्हणजे दारूचं मोठं पिंप, जहाजावरचा रोजचा शब्द. त्याचंच हे आखूड रूप.

सांजवारा: ते १६३२चं पत्र कोरोमंडल म्हणजे पूर्व किनाऱ्यावरच्या आर्मागोनहून लिहिलेलं आहे, म्हणजे आजचा आंध्र प्रदेश. तिथे तेलुगूत पाचाला ‘ऐदु’ म्हणतात. हाही मुद्दा ‘पाच’च्या विरोधातच जातो.

बारदेसकर: तो मुद्दा टिकत नाही. ईस्ट इंडिया कंपनीची माणसं सुरत ते पूर्व किनाऱ्यावरचं मच्छलीपट्टण फिरत होती, नाव सुरतेहूनही गेलं असेल. चार घटकांचं म्हणाल तर नाव एकदा रुळलं की कृती बदलते. पंचामृतात घरोघरी केळंही पडतं, म्हणून कोणी त्याला षडमृत म्हणत नाही. उच्चाराचा आक्षेप मात्र वजनदार आहे, त्याला माझ्याकडे नेमकं उत्तर नाही. पण पिंपाचा पक्ष तरी कुठे सिद्ध झालाय? १६३२पूर्वी पिंपाला किंवा पिंपातल्या दारूला नुसतं ‘पंच’ म्हटल्याचा एक तरी लेखी दाखला द्या.

अक्षरवेध: मागणी रास्त आहे. तीच तुम्हालाही लागू: १६३२च्या आधीचा, पाच घटक नावानिशी सांगणारा सुरतेचा एखादा कागद दाखवा. तोवर कोशात ‘पाच’पुढे प्रश्नचिन्ह हवंच.