एचआयव्ही रिपोर्ट निगेटिव्ह, तरी धास्ती जात नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कंडोम फाटल्याच्या प्रसंगाला आता बरेच महिने लोटले. लॅबमधल्या फोर्थ जनरेशन टेस्टचा निकाल 45 दिवसांनंतर पक्का धरतात, बोटाच्या रक्तावरच्या रॅपिड टेस्टचा 90 दिवसांनंतर. माझ्या दोन्ही टेस्ट त्या मुदतीनंतरच्या, दोन्ही नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह. सिव्हिलच्या आयसीटीसीतल्या (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रातल्या) समुपदेशक ताई म्हणाल्या, "विषय संपला, आता पुन्हा टेस्ट नको." ते पटतंही.

पण रात्री टॉर्च घेऊन आरशात जीभ बघतो, पांढरा थर दिसला की पोटात गोळा येतो. मानेतली गाठ तर इतक्यांदा चाचपतो की तिथलं दुखायलाच लागतं. मग पुन्हा वाटतं, नमुन्यांची अदलाबदल तर झाली नसेल? लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही हे मला माहीत आहे, तरी हात मानेकडे जातोच. बायकोशी नीट बोलणंही होत नाही.

यातून कुणी बाहेर पडलं आहे का? 1097 या एड्स हेल्पलाइनवर अशा भीतीबद्दल बोललं तर चालतं का, की थेट मानसोपचारतज्ज्ञांना गाठू? सीबीटीचा (विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा) कुणाला फायदा झाला? कृपया अनुभवाचंच सांगा, नवी लक्षणं नकोत.