घरगुती चॉकलेट वर्कशॉप बघायला जातोय, काय बघू?

भटकंती_चालू: परदेशात एका कुटुंबाच्या घरातच चालणाऱ्या छोट्या चॉकलेट वर्कशॉपला जायचं ठरलंय. नुसतं खाऊन परत यायचं नाहीये, तर काय बघायचं, काय विचारायचं?

कोको_वेडी: आधी हे विचारा की कोकोच्या बियांपासून करता की तयार चॉकलेट वितळवून साच्यात ओतता. दुसऱ्यातही कसब लागतंच पण बघायला मजा पहिल्यात, बिया भाजतात, टरफलं पाखडतात आणि मग आतले तुकडे दगडी ग्राइंडरमध्ये कधी कधी दोन-तीन दिवस फिरत राहतात, आधी नुसता भरडा आणि मग पाण्याचा थेंब न घालता आपोआप पातळ होतं कारण बियांत निम्म्याच्या आसपास कोको बटर, म्हणजे बियांतली चरबीच असते!

साखरकमी: टेम्परिंग, म्हणजे चॉकलेट ठराविक तापमानांना गरम-गार करणं, चालू असेल तेव्हाच जा. डार्क चॉकलेट ४५-५० डिग्रीला वितळवून २७-२८ पर्यंत खाली आणतात, परत ३१-३२ ला नेतात. त्यानेच चकाकी येते आणि कट्कन तुटतं. आणि हो, परफ्यूम लावून जाऊ नका, कोको बटर वास ओढून घेतं. नट्सची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, घरात मशीन बहुधा एकच असतं.

भटकंती_चालू: भारी! विकत घेतलेलं प्रवासात टिकेल का?

कोको_वेडी: डार्कचे बार टिकतात, क्रीम भरलेले तिथेच संपवा. वर पांढरट थर आला तर बुरशी समजून फेकू नका, बहुतेक वेळा ते कोको बटर वर आलेलं असतं, खायला चालतं.